‘स्टॅटिक प्रॉक्सी लावा आणि निर्धास्त व्हा’ हा सल्ला कुठे कुठे चुकतो

प्रॉक्सी म्हणजे तुमच्या आणि साइटच्या मध्ये बसणारा सर्व्हर; साइटला तुमच्या आयपीऐवजी, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याऐवजी, त्याचा आयपी दिसतो. सध्या तिच्याबद्दल एक मजकूर जिकडेतिकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्टॅटिक प्रॉक्सी लावली की तुम्हाला कोणी ओळखू शकत नाही, सगळा डेटा एन्क्रिप्ट होतो, आयपी ‘रेसिडेन्शियल’, म्हणजे घरगुती जोडणीचा, असेल तर कुठलीच साइट ब्लॉक करू शकत नाही, वर इंटरनेटचा वेगही वाढतो, आणि प्रोव्हायडर सगळे सारखेच, तेव्हा ज्याच्याकडे आयपींचा आकडा मोठा आणि दर कमी, तो घ्यावा. हे वाचून लोक पैसे भरतात आणि आपली खाती, आपले पासवर्ड त्या वाटेने पाठवू लागतात. म्हणून यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

‘तुम्हाला कोणी ओळखू शकत नाही.’

हा दावा वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. रोटेटिंग प्रॉक्सीत पत्ता दर विनंतीला किंवा काही मिनिटांनी बदलतो. स्टॅटिकमध्ये तुम्हाला एकच आयपी मिळतो आणि तो महिनोन् महिने तसाच राहतो. म्हणजे समोरच्या सर्व्हरला तुम्ही आज, उद्या आणि पुढच्या महिन्यातही त्याच पत्त्यावरून येताना दिसता. या सगळ्या भेटी एकाच्याच आहेत हे जुळवायला त्याला काहीच कष्ट पडत नाहीत.

आणि स्टॅटिक प्रॉक्सीचा खरा उपयोग याच गुणात आहे. कंपनीच्या सर्व्हरवर ठरावीक पत्त्यांनाच प्रवेश असतो. काही एपीआय, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायच्या सोयी, वापरायच्या तर आपला आयपी आधी नोंदवून द्यावा लागतो. रोज वेगळ्या जागेवरून लॉगिन झालं की काही साइट पुन्हा पुन्हा ओटीपी मागतात. अशा ठिकाणी न बदलणारा पत्ता हवाच. ओळख पटावी म्हणून घ्यायची वस्तू ओळख लपवण्यासाठी म्हणून विकली जाते, ही माझी या मजकुराबद्दलची मुख्य तक्रार आहे.

शिवाय आयपी हा ओळखीचा एक धागा झाला. कुकीज आहेतच. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० साली सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांची पाहणी केली. फॉन्ट, प्लगइन, स्क्रीनचा आकार, टाइमझोन अशा साध्या गोष्टी एकत्र केल्यावर त्यातले ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. या यादीतलं काहीही प्रॉक्सी बदलत नाही. प्रॉक्सी एका देशातली आणि ब्राउझरचा टाइमझोन दुसऱ्या देशातला, ही विसंगती तर साइटला पहिल्याच पानावर दिसते.

गळतीही होते. ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करता यावेत म्हणून वेबआरटीसी आहे. ते यूडीपी या पद्धतीने, प्रॉक्सीला वगळून, थेट बाहेर जाऊ पाहतं, आणि सेटिंग नीट नसेल तर तुमचा खरा सार्वजनिक आयपी सांगून टाकतं. सॉक्स ५ या प्रकारची प्रॉक्सी वापरत असाल तर डीएनएसकडेही, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणाऱ्या व्यवस्थेकडेही, बघा. साइटचं नाव कुठे सोडवायचं, तुमच्या मशीनवर की प्रॉक्सीच्या टोकाला, हे प्रोग्रॅमवर ठरतं. कर्ल या कमांडने चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘सॉक्स ५’ लिहिलंत तर नाव तुमच्याकडेच सोडवलं जातं आणि ‘सॉक्स ५ एच’ लिहिलंत तर प्रॉक्सीकडे. त्या एका अक्षरावरून साइटच्या नावाची डीएनएस चौकशी तुमच्याच जोडणीवरून, आयएसपीला (इंटरनेट देणाऱ्या कंपनीला) दिसेल अशी जाते की नाही, हे ठरतं.

‘सगळा डेटा एन्क्रिप्ट होतो.’

प्रॉक्सी स्वतः सहसा काही एन्क्रिप्ट करत नाही. एचटीटीपीएस साइट उघडताना ब्राउझर प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ नावाची विनंती पाठवतो: अमुक साइट, पोर्ट ४४३. प्रॉक्सी तिथपर्यंत वाट उघडून देते आणि पुढचा टीएलएसचा (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनचा) व्यवहार ब्राउझर आणि साइट यांच्यात होतो. मजकूर सुरक्षित राहतो तो टीएलएसमुळे. पण कुठल्या साइटवर गेलात, कधी गेलात, किती डेटा आला-गेला, हे प्रोव्हायडरला दिसतं. साधी एचटीटीपी साइट असेल तर पानही दिसतं, आणि त्याला वाटलं तर पान बदलताही येतं.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे तुमच्यापासून प्रॉक्सीपर्यंतचा टप्पा. बहुतेक ठिकाणी तो उघडाच असतो. प्रॉक्सीचा युजरनेम आणि पासवर्ड बेसिक पद्धतीने जातो तेव्हा तो फक्त बेस ६४ मध्ये लिहिलेला असतो, आणि ते कोणालाही क्षणात उलटवता येतं. सॉक्स ५ ची पासवर्डपद्धत १९९६ ची आहे. तिच्यात तर पासवर्ड जसाच्या तसा जातो. सार्वजनिक वायफायवर बसून हे केलंत तर त्या नेटवर्कवर डोळा ठेवणाऱ्याला तुमची प्रॉक्सी वापरता येईल आणि त्याने केलेलं काम तुमच्या नावावर लागेल. म्हणून प्रॉक्सीपर्यंतचा टप्पाही टीएलएसमधून देणारा प्रोव्हायडर शोधावा. निदान ठरावीक पत्त्यांवरूनच लॉगिन होईल अशी सोय तरी त्याच्याकडे असावी. आणि जो स्वतःचं रूट सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची ग्वाही देणारं मूळ प्रमाणपत्र) तुमच्या मशीनवर बसवायला सांगतो, त्याला तिथेच नकार द्यावा. ते एकदा बसलं की तुमचं एचटीटीपीएसही त्याला वाचता येतं.

‘रेसिडेन्शियल आयपी ब्लॉक होत नाही.’

होतो. ‘स्टॅटिक रेसिडेन्शियल’ किंवा ‘आयएसपी प्रॉक्सी’ नावाने जे विकलं जातं, त्यातलं मशीन बहुतेक वेळा डेटासेंटरमध्येच असतं. फक्त पत्त्यांचा पट्टा एखाद्या इंटरनेट कंपनीच्या नावावर नोंदलेला असतो. प्रत्येक पट्टा एका एएसएनखाली (नेटवर्कच्या नोंदणी क्रमांकाखाली) जाहीर होतो आणि तो कोणाचा हे आरडीएपीवर, म्हणजे पत्त्यांच्या सार्वजनिक नोंदींत, कोणालाही पाहता येतं. साइटही ते पाहतात. नोंद घरगुती इंटरनेट कंपनीची दिसली की संशय कमी येतो, एवढाच फायदा. शेजाऱ्यांचे प्रताप मात्र तुम्हालाही भोवतात. एका ‘/२४’ आकाराच्या पट्ट्यात २५६ पत्ते असतात आणि त्यातले काही स्पॅमसाठी वापरले गेले तर अख्खा पट्टा ब्लॉकलिस्टवर जाऊ शकतो. दहा पत्ते घेतले आणि दहाही एकाच पट्ट्यातले निघाले, तर ते एकदमच निकामी होतात.

‘ताजे, कधीच न वापरलेले आयपी’ ही जाहिरातही यातलीच. आयपीव्ही ४ ही आयपीची जुनी आणि अजूनही सर्रास वापरातली पद्धत; तिचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयएएनएकडचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि युरोपात ते वाटणाऱ्या राइप एनसीसीकडचा नोव्हेंबर २०१९ मध्ये. त्यानंतर पट्टे मुख्यतः हस्तांतराने आणि भाड्याने फिरतात. तुमच्या हाती येणाऱ्या पत्त्याला बहुधा इतिहास असतो. तो स्पॅमहाउससारख्या ब्लॉकलिस्टमध्ये तपासून घ्या, आणि तोही पैसे भरण्याआधी.

खऱ्याखुऱ्या घरगुती आयपींचा प्रश्न मला यापेक्षा गंभीर वाटतो. ते पत्ते कोणाचे असतात? मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘९११ एस ५’ हे जाळं मोडल्याचं जाहीर केलं. त्याच्याशी १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते जोडलेले होते. लोकांनी फुकटचे व्हीपीएन प्रोग्रॅम उतरवले, त्यांच्यासोबत मालवेअर आलं, आणि त्यांच्या नकळत त्यांच्याच घरचं इंटरनेट प्रॉक्सी म्हणून विकलं गेलं. गिऱ्हाइकांनी त्यावरून केलेले गुन्हे या निरपराध माणसांच्या पत्त्यावर दिसत होते. तेव्हा पत्ते कुठून येतात, त्या माणसांची संमती कशी घेतली, हा प्रश्न प्रोव्हायडरला विचारलाच पाहिजे. उत्तर गोलमोल आलं तर मी तिथून घेणार नाही.

‘वेग वाढतो.’

नाही. एचटीटीपीएसच्या काळात प्रॉक्सीला पानं साठवून पुन्हा देता येत नाहीत, त्यामुळे फक्त एक थांबा वाढतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. प्रॉक्सी ५,००० किलोमीटरवर असेल तर एका येण्याजाण्याला कमीत कमी ५० मिलिसेकंद लागणार. नवं जोडणं, मग कनेक्ट, मग टीएलएस, मग विनंती, अशा चार खेपा धरल्या तर पहिला बाइट यायच्या आधीच २०० मिलिसेकंद गेले.

‘प्रोव्हायडर सगळे सारखेच; आकडा बघा.’

तुम्हाला दोन पत्ते हवे असतील तर त्याच्याकडचे लाखो तुमच्या काय कामाचे? जे दोन मिळणार ते कसे आहेत, तेवढंच महत्त्वाचं. चाचणीला एक पत्ता मागा. आरडीएपीमध्ये तो कोणाच्या नावावर आहे ते बघा. दोन-तीन जिओलोकेशन डेटाबेसमध्ये शहर तपासा. एकाच पत्त्याला वेगवेगळी शहरं दाखवली जाणं नेहमीचं आहे, आणि साइट कुठला डेटाबेस मानते ते तुमच्या हातात नसतं. मग तुम्हाला खरोखर ज्या साइटवर काम करायचं आहे, तिथेच काही दिवस वेगवेगळ्या वेळी वापरून बघा. पिंगवर जाऊ नका. या प्रॉक्सींतून आयसीएमपी, म्हणजे पिंग ज्यावर चालतं ती पद्धत, जात नाही, त्यामुळे तो आकडा तुमच्या कामाबद्दल फारसं सांगत नाही. कॅप्चा किती वेळा आला, जोडणी किती वेळा तुटली, पत्ता मधेच बदलला का, हे टिपून ठेवा.

अपटाइमचे टक्के तासांत मोजा. ९९ टक्के म्हणजे ३० दिवसांत सात तासांहून जास्त बंद. ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटं. पत्ता शेअर्ड (अनेकांत वाटलेला) की डेडिकेटेड (फक्त तुमचा) हे लेखी घ्या. खात्याचं लॉगिन असेल तर डेडिकेटेडच हवा, कारण शेअर्ड पत्त्यावरून दुसरा कोणी काय करतो यावर तुमचा ताबा नाही. लॉग किती दिवस ठेवतात, पत्ता ब्लॉकलिस्टवर गेला तर बदलून किती वेळात देतात, दिलेला पत्ता नूतनीकरणानंतर तोच राहतो का, हेही विचारा. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण पत्ता बदलला तर जिथे जिथे तो नोंदवला आहे तिथे सगळीकडे तुम्हाला पुन्हा फिरावं लागतं.

आणि सेवा बंद केलीत तर त्याच दिवशी तो पत्ता आपल्या सर्व्हरच्या, डेटाबेसच्या आणि एपीआयच्या परवानगी यादीतून काढा. प्रोव्हायडर तो पुढच्या गिऱ्हाइकाला देणार, आणि यादीत नाव राहिलं तर तुमचा सर्व्हर त्या अनोळखी गिऱ्हाइकालाही आत घेईल.