ऊन मागून येणाऱ्यांनाच जास्त लागतं

आज सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. अडकलेल्या गाडीच्या काचेतून काढलेला. काल सकाळी साडेदहाचा सुमार, पेडर रोडचा चढ, आणि छातीवर मुंबई मॅरेथॉनचा नंबर लावलेली माणसं चालतायत. एक बाई कमरेवर हात ठेवून. तिच्या पुढे सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ, मानेवर ओला नॅपकिन. मागे गाडीतल्यांचं खिदळणं आणि खाली ओळ, "मॅरेथॉन की मॉर्निंग वॉक?" त्याखाली गडाबडा लोळून हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

काल मीही त्याच चढावर होते. त्या बाईच्या थोडी पुढे असेन किंवा मागे.

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आता जेवणं उरकून, ओटा आवरून बसलेय लिहायला. मोठं होणार आहे, वाचा.

ती बाई जिथे दिसतेय तिथवर ती पस्तीसेक किलोमीटर आलेली आहे. पहाटे पाचला सीएसएमटीहून सुटून मरीन ड्राइव्ह, हाजी अली, सी लिंकवरून वांद्रे, मग माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी, वरळी करत परत. ४२.१९५ पैकी सातेक उरलेत आणि नेमका त्या वेळी हा चढ समोर येतो. जाताना अंधारात हाच रस्ता कधी संपला ते कळतसुद्धा नाही.

आता साधा हिशोब करा. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. पाचला सुटलेला माणूस चार तासांत पोचला तर तो पावणेदोन तास उन्हात असतो. ज्याला साडेसहा तास लागतात तो सव्वाचार तास उन्हात असतो, आणि तेही चढत गेलेल्या उन्हात. अंतर दोघांनाही तेवढंच. ऊन जवळजवळ अडीचपट. तुम्ही हसताय ते या दुसऱ्या माणसाला.

मुंबईत जानेवारीत थंडी असते असं ज्यांना वाटतं त्यांनी सकाळी दहा वाजता हाजी अलीला रस्त्यात नुसतं उभं राहून बघावं. इथला घाम वाळतच नाही. अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता निथळून काही होत नाही. तो कोपरावरून ठिबकतो, मोज्यांत उतरतो, बूट पचपचायला लागतात, आणि आतली आग आतच राहते. रक्त कातडीकडे धावतं, पायांच्या वाट्याला कमी येतं. घड्याळात बघावं तर वेग उतरलेला आणि ठोके चढलेले. अशा वेळी चालायला लागणं हेच शहाणपण आहे, आणि ते कळायला वर्षानुवर्षं पळावं लागतं. गाडीत एसी लावून बसून ते कळत नाही.

मागे एकदा दुसऱ्या एका मोठ्या शहरातल्या मॅरेथॉनला गेले होते. नाव लिहीत नाही. आयोजकांना सविस्तर पत्र पाठवून झालंय, उत्तर आलेलं नाही. फेब्रुवारी संपत आलेला. पाहुणे यायचे होते म्हणून सुटायलाच पाऊण तास उशीर झाला. मग स्टेजवर हार-तुरे, भाषण. दिवसातला सगळ्यात गार पाऊण तास आम्ही सगळ्यांनी उभ्यानं घालवला.

तिसाव्या किलोमीटरनंतर पाण्याचं टेबल आलं. टेबल होतं, पाणी नव्हतं. भिजलेली चादर, उलटे पडलेले खोके, आणि रस्ताभर दोन घोट घेऊन फेकलेल्या बाटल्या. माझ्या बाजूनं पळणारा एक कॉलेजातला मुलगा खाली वाकला आणि त्यातलीच एक बाटली उचलून प्यायला. कुणाची उष्टी, कधीपासून उन्हात पडलेली, कुणास ठाऊक. मी त्याला अडवलं नाही, माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. पुढच्या ठिकाणी तर टेबलच टेम्पोत चढवत होते.

त्यानंतर जे झालं ते मी मित्रमंडळींना इतक्या वेळा सांगितलंय की काहींना पाठ असेल. एका सोसायटीच्या फाटकाशी वॉचमन काका झाडांना पाणी घालत होते. आम्हाला बघून त्यांनी पाइप आमच्याकडे वळवला. "डोकं पुढं करा ताई," म्हणाले. मग केबिनमधून आपला डबा घेऊन आले. डब्यात भाकरी, कांदा, दोन मिरच्या आणि वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी. पुडीत मीठ. जाडं, जरा ओल धरलेलं. आम्ही चौघं-पाच जण होतो, प्रत्येकाच्या तळहातावर त्यांनी चिमूट चिमूट ठेवलं. पुडी रिकामी झाली तशी कागद झटकून, घडी करून खिशात घातला.

नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं, हे आम्ही पळणारे एकमेकांना सतत बजावत असतो. ज्यांनी शर्यत भरवली त्यांनी तिसाव्या किलोमीटरनंतर मीठ सोडा, पाणीसुद्धा ठेवलं नव्हतं. काकांना मात्र मीठ सुचलं. उन्हात उभं राहून नोकरी करणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

जगात काय होतं तेही सांगते. शिकागोला ऑक्टोबर २००७ मध्ये पारा तिशीच्या वर गेला, पाणी कमी पडल्याची ओरड झाली आणि शर्यत मध्येच थांबवावी लागली. दोहाला २०१९ च्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन चक्क मध्यरात्री सुरू केली, तरी ६८ पैकी २८ जणींनी ती अर्ध्यात सोडली. या जगातल्या सर्वोत्तम धावपटू होत्या. टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीनं साप्पोरोला नेली, आणि तिथेही महिलांची शर्यत ऐन आदल्या संध्याकाळी ठरवून तासभर अलीकडे घेतली. आपल्या मुंबईत २०२३ साली २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांचा विक्रम करणारा इथिओपियाचा हाईले लेमी दुबईत २ तास ४ मिनिटं ३३ सेकंदांत पळालेला आहे. त्यालाही मुंबई मुंबईसारखीच लागली. या लोकांना कुणी मॉर्निंग वॉक म्हणत नाही.

ट्रॅफिक अडतं, मान्य. कुणाला दवाखान्यात पोचायचं असतं, तेही मान्य. आणि हो, तयारी न करता बेचाळीसला नाव घालणारेही थोडे असतात.

पण त्या व्हिडिओतली बाई त्यांच्यातली नाही. मी तो थांबवून थांबवून पाहिला. तिच्या कमरेच्या पट्ट्यात ओआरएसची रिकामी पाकिटं खोचलेली आहेत, नीट दुमडून. रस्त्यावर कचरा नको म्हणून. असं करणारी बाई कुठूनतरी उठून आलेली नसते. ती ऑक्टोबरच्या उकाड्यात पहाटे साडेतीनला उठून तीस किलोमीटर पळालेली असते. घरी येऊन डबे केलेले असतात, आठ-बावन्नची लोकल पकडलेली असते. बायकांचं तर आणखी वेगळंच. अंधारात निघावं तर भीती, उजाडल्यावर निघावं तर ऊन. म्हणून आम्ही चार-पाच जणी मिळून निघतो. एकीला पाळी असली, एकीच्या मुलाची परीक्षा असली की सगळ्यांचाच लाँग रन बारगळतो. एवढं सगळं करून कुणी तिथवर येतं आणि तुम्ही गाडीतून तिचं शूटिंग करता? तिला न विचारता? तिचा चेहरा स्पष्ट दिसतोय त्यात. ऑफिसमधलं कुणी हे वाचत असेल तर आज रात्रीच तो व्हिडिओ काढून टाका.

"एवढं ऊन लागतं तर पळायचं कशाला?" हा प्रश्न मला घरच्या लग्नाकार्यांत नेहमी विचारला जातो. मामींपासून मेहुण्यांपर्यंत सगळे विचारतात. तोच प्रश्न आषाढात वारीला चालत जाणाऱ्याला कुणी विचारत नाही. वारकऱ्याला रस्त्यात पाणी मिळतं, चहा मिळतो, पाय चेपून मिळतात, आणि दिंडीत मागे पडलेल्या म्हातारीला कुणी हसत नाही. ही आपलीच रीत आहे, कुठून उसनी आणायची नाही. मग ती मॅरेथॉनच्या दिवशी फक्त पुढच्यांपुरतीच का?

खरं तर मुंबईकर या बाबतीत मनानं मोठे आहेत, हेही लिहायलाच हवं. काल माहीमला लहान लहान पोरं टाळ्या द्यायला हात पुढे करून उभी होती. शिवाजी पार्कला एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचं ताट, ताटात संत्र्याच्या फोडी, बिया काढून ठेवलेल्या. बिया काढून! पळताना बी थुंकायचाही त्रास होतो हे त्यांना कुणी सांगितलं असेल? एका मुलीनं माझ्या पोटरीवर स्प्रे मारला, मी थँक्यू म्हणायच्या आत ती पुढच्याकडे वळली. गोळा आलेला पाय तेवढ्यानं सुटला. असं काही झालं की घसा दाटून येतो आणि पळताना ते परवडत नाही, श्वास बिघडतो.

पण ही गर्दी साडेनऊ-दहाला पांगते. पुढचे गेले, बँड गेला, फोटो झाले, नाश्त्याची वेळ झाली. आणि ज्यांना पाण्याची सगळ्यात जास्त गरज आहे ती माणसं तेव्हा कुठे येत असतात. अंध धावपटू आणि त्यांच्या मनगटाला दोरी बांधून पळणारे सोबती. गुडघ्याला पट्टे लावलेले निवृत्त लोक. पन्नाशीत पहिल्यांदा बूट घातलेल्या बाया. त्यांना रिकामा रस्ता मिळतो, बाजूला हॉर्न मिळतात, आणि आता शूटिंगही मिळायला लागलंय.

ते वॉचमन काका रोज त्याच वेळी झाडांना पाणी घालत असतील. त्यांना शर्यतीचं वेळापत्रक माहीत नव्हतं, कोण पहिला आला याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. फाटकाशी तहानलेलं माणूस दिसलं, पाणी दिलं. आयोजकांना मी पत्रात हेच लिहिलं होतं की टेबलं उचलायची वेळ घड्याळावर ठरवू नका, शेवटचा धावपटू पुढे गेल्यावर ठरवा. सुरुवात आणखी अलीकडे आणा. पाहुण्यांची भाषणं बक्षिसांच्या वेळी ठेवा. यात न जमण्यासारखं काय आहे?

त्यांचं ते बघतील. आपण आपलं बघू. तुमच्यापैकी कितीतरी जण माहीम, दादर, प्रभादेवी, वरळी, पेडर रोड, गिरगाव भागात राहता. पुढच्या जानेवारीत सकाळी सातला खाली येऊ नका, तेव्हा पाणी देणारे पुष्कळ असतात. साडेनऊला या आणि बारापर्यंत थांबा. साधं पाणी, पेल्यात. बाटली दोन घोटांनंतर फेकली जाते आणि मागच्याच्या पायाखाली येते. वाटीभर मीठ. लिंबाच्या फोडी. बर्फाचे तुकडे, टोपीत घालायला आणि मानेवर ठेवायला. जमलं तर एक पाइप किंवा बादली-मग, पण डोक्यावर ओतायच्या आधी विचारा आणि बुटांवर पाणी सांडू नका, ओल्या मोज्यांनी फोड येतात. "आता थोडंच राहिलं" असं म्हणू नका, किती राहिलं ते नेमकं सांगा.

मी आत्तापासून यादी करायला घेतेय. ज्यांना यायचंय त्यांनी कमेंटमध्ये आपला नाका लिहा, आणि बर्फाची सोय कोण करू शकेल तेही सांगा.