खासदाराला ‘आदेशपत्र’ पाठवण्याआधी एवढं वाचा

‘मतदारांनी लेखी आदेश दिला की खासदाराला तसंच मत द्यावं लागतं, नाही दिलं तर निवडणूक आयोग त्याचं पद रद्द करतो.’ हा मेसेज आता घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोचलाय आणि सह्या गोळा करणंही सुरू झालंय. म्हणून हा खटाटोप.

‘घटनेतच तसं लिहिलंय.’ कुठे? मेसेजमध्ये कलम दिलेलं नाही, कारण तसं कलमच नाही. तिसऱ्या अनुसूचीतली शपथ वाचा. संविधानाशी निष्ठा, देशाची एकात्मता, कर्तव्यपालन एवढंच आहे.

‘आदेश मोडला की पद जातं.’ सगळ्यात घातक थाप ही, कारण प्रकार नेमका उलटा आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आली. पक्षाने व्हिप (म्हणजे असंच मत द्या असा पक्षाचा आदेश) काढला आणि सदस्याने आधी परवानगी न घेता विरोधात मत दिलं किंवा मतदान टाळलं, तर तो अपात्र ठरतो. पक्षाने 15 दिवसांत माफ केलं तरच सुटका. हा निर्णय लोकसभेचे अध्यक्ष देतात. निवडणूक आयोगाकडे तक्रार नेऊन उपयोग नाही. म्हणजे तुमच्या आदेशपत्राला मान देऊन कुणी व्हिप मोडलाच, तर खासदारकी जाईल ती तुमचं ऐकल्याबद्दल! तुम्हाला धुडकावून व्हिप पाळला तर पुढच्या निवडणुकीपर्यंत कुणी जाब विचारत नाही. खासदाराने स्वतःच्या विवेकाने चालावं की मतदारांच्या मर्जीने, हा वाद छानच आहे. पण मत पक्षाकडे गहाण आहे त्याचं काय? याच अनुसूचीवरच्या किहोतो होलोहन खटल्यात 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की अपात्रतेचा बडगा विश्वास-अविश्वासाचे ठराव आणि पक्षाने ज्यावर मतं मागितली ती मूळ धोरणं, एवढ्यापुरताच असावा. पक्ष मात्र साध्या विधेयकांनाही व्हिप काढतात.

‘कुणी कसं मत दिलं ते लगेच कळतं.’ बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. त्यांत एखाद्या सदस्याने मतविभागणी मागितली तरच नावनिशी नोंद होते.

‘बहुसंख्य मतदारांची इच्छा.’ लोकसभेच्या एका मतदारसंघात सरासरी 17-18 लाख मतदार. चारशे सह्यांना बहुमत म्हणायचं का?

‘परत बोलावण्याचा हक्क आहे.’ बरं, इथे अर्धं खरं आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये नगराध्यक्षांना परत बोलावण्याची, म्हणजे मुदतीआधीच मतदानाने पदावरून हटवण्याची, तरतूद केली गेली आणि ती वापरलीही गेली. आमदार-खासदारांसाठी मात्र असा कायदा नाही.

सह्या जमल्याच असतील तर वाया घालवू नका. लोकसभेला रीतसर याचिका करता येते. विषय सार्वजनिक हिताचा हवा, न्यायालयाच्या अखत्यारीतला नको. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही हवी. याचिका मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा; सोबत पत्रं, प्रतिज्ञापत्रं लावू नका. ती सभागृहात मांडणाऱ्या खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. त्यासाठी आपल्या खासदाराकडे जा, आणि गेलाच आहात तर या विषयावर मतविभागणी मागणार का, तेही विचारा.