शकुंतलेत बसायचं कोण, हे कुणी विचारतच नाही

आज सकाळी घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला. 'भारतातली एक रेल्वे अजूनही इंग्रजांच्या ताब्यात!' खाली आपल्या शकुंतलेचा, वऱ्हाडातल्या त्या छोट्या गाडीचा फोटो. दर दोन-चार महिन्यांनी येतो, पण आज आपल्याच भाच्याने टाकला आणि माझं डोकं फिरलं.

अरे, किलिक निक्सन ही १८५७ साली मुंबईत निघालेली पेढी. तिच्या कंपनीने ही लाइन टाकली. स्वातंत्र्यानंतर पेढी भारतीय मालकांकडे गेली. राष्ट्रीयीकरणात ही एक लाइन तेवढी राहून गेली, हे खरं. पण मालक कोण यावर रकानेच्या रकाने, आणि आत बसायचं कोण यावर एक ओळ नाही?

आत माझी आजी बसायची. बनोशाहून, म्हणजे दर्यापूरच्या स्टेशनावरून, पथ्रोटला, माहेरी.

१९८८ च्या उन्हाळ्यात मी तिच्यासोबत होतो. आम्हाला उशीर झाला, गाडीने शिट्टी दिली. आजी डोक्यावर गठोडं घेऊन धुऱ्यावरूनच ओरडली, "थांब ना रे भाऊ, येऊन राह्यली मी!" आणि गाडी थांबली. खरंच थांबली. गार्ड खाली उतरून उभा राहिला, गठोडं त्याने स्वतः वर घेतलं.

ही लाइन आपल्यासाठी टाकलीच नव्हती, हेही मला ठाऊक आहे. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला न्यायचा, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. अडीच फुटी रूळ, मूर्तिजापूरहून इकडे यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, तिकडे अचलपूरपर्यंत ७६. १९२१ चं ते वाफेचं इंजिनसुद्धा मँचेस्टरचंच. १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. कापूस त्यांनी नेला. पण गाडी आपल्या माणसांनी आपली करून घेतली. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, कुठेही जुन्या माणसाला विचारा. शेतमजूर, बाजाराला जाणाऱ्या बाया, शाळेची पोरं. एसटीचं तिकीट ज्यांना जड जायचं ते सगळे हिच्यात.

हळू होती, मान्य. ७६ किलोमीटरला चार तास लागायचे. तोट्यात होती, तेही मान्य. पुढे?

तोट्यात गरिबांचीच गाडी आधी का दिसते? माणसं इतकी कमी केली, की गार्डच तिकिटं फाडायचा आणि फाटकही गाडीतल्याच माणसाने उतरून लावायचं. गाडी पुढे गेली की फाटक उघडून धावत परत चढायचं. अशी लाइन तोट्यात जाणार नाही तर काय होईल? रुळांची डागडुजी नाही, म्हणून वेग कमी. वेग कमी, म्हणून प्रवासी कमी. प्रवासी कमी, म्हणून बंद. आणि वर ब्रॉडगेजचं आश्वासन! माझ्या ओळखीतली किती माणसं त्याची वाट पाहता पाहता गेली.

यवतमाळला आता वर्धेकडून मोठी लाइन येते आहे. आनंदच आहे, मनापासून. पण पथ्रोटच्या बाईला वर्ध्याच्या गाडीचा काय उपयोग?

मागच्या महिन्यात मुद्दाम बनोशाला उतरलो. रुळांमध्ये बाभळी माझ्या खांद्याइतक्या झाल्यात. एक बाभूळ बाजूला करून रुळावर हात ठेवला. उन्हाने तापला होता, वर गंजाची साल. किती लहान रूळ हो, दोन पावलांत ओलांडून होतो.

भाच्याला रागाने बोललो सकाळी. त्याचं तरी काय चुकलं, त्याने ती गाडी चालताना पाहिलेलीच नाही. म्हणून हे लिहितोय, त्याच्यासाठीच.

बाळा, त्या दिवशी पथ्रोटला उतरल्यावर तुझ्या पणजीने गठोडं सोडलं आणि दोन गावरान आंबे गार्डच्या हातावर ठेवले. तो नको म्हणाला नाही. एक खिशात टाकला, दुसरा तिथेच चोखायला घेतला, आणि हिरवी झेंडी काखेत धरून आपल्या डब्याकडे चालत गेला. तो चढेपर्यंत गाडी उभी होती.