तळहाताची उपनदी

आमच्या वर्गातली गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशिकपर्यंत शहाण्यासारखी येते आणि पैठणच्या अलीकडं तिला माझ्या तळहाताची एक जाडजूड उपनदी येऊन मिळते.

झालं असं, की शाळेला टॅब मिळाला. प्रशिक्षणात सांगितलं, या ॲपवर बोटानं चित्र काढायचं, काढता काढता बोलायचं. रेघ आणि आवाज दोन्ही रेकॉर्ड होतात, पोरं घरी बघतात. सोप्पंय! काचेला तळहात टेकला की तोही रेघ ओढतो, हे तेवढं राहिलं सांगायचं. जन्मभर फळ्याला मनगट टेकून लिहिलेला माणूस मी. हात अधांतरी धरून १,४६५ किलोमीटरची नदी काढायची म्हणजे जायकवाडीपर्यंतच खांदा भरून येतो.

चुकलं तर पुसावं म्हणलं. पुसलं. मग कळलं, पुसणंसुद्धा रेकॉर्ड होतं. फळ्यावर डस्टर फिरवलं की पाप धुतलं जातं. इथं आधी चूक दिसते, मग ती पुसली जाताना दिसते, आणि मागून सरांचा आवाज येतो, "आरं देवा." असे चौदा व्हिडिओ झाले. चौदाव्यात तर नाथसागर काढताना बोट घसरलं आणि अर्धा बीड जिल्हा पाण्याखाली गेला. (दुष्काळी भागाचं तेवढंच भलं, असं मागच्या बाकावरून ऐकू आलं. तेही रेकॉर्ड झालं.)

शेवटी पाचवीतल्या एका पोरीनं टॅब ओढून घेतला. "द्या सर, तुम्ही उगंच टेकायलाव." तिचा हात काचेला लागतच नव्हता. रोज अंगणात रांगोळी काढणारं मनगट ते, टेकलं तर रांगोळी फिसकटते. आमच्या प्रशिक्षणात रांगोळीचा तास असायला पाहिजे होता.

एका दमात नदी काढून तिनं वर नाव लिहिलं, 'गंगा'.

"गोदावरी लिही."

"आमच्या घरी समदे गंगाच म्हणतेत, सर."

"पुस्तकात गोदावरी आहे."

"मग गंगाखेडला गोदावरीखेड कामून नाही म्हणत?"

यापुढं व्हिडिओत अकरा सेकंद नुसता पंखा कुरकुरतो. मी उत्तर शोधत होतो, आणि पॉज दाबायचं सुचलं नाही. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी दारातून ओरडल्या, "सर, खिचडीला तेल नाही!" इतक्या आनंदानं मी आजवर तेल आणायला गेलो नव्हतो. "आलो, आलो!" हेही त्यात स्वच्छ ऐकू येतं.

परत आलो तर पोरीनं माझ्यामागं नदी नांदेडवरून तेलंगणात नेऊन बंगालच्या उपसागरात सोडलेली. कुठं म्हणून खाडाखोड नाही. नाव मात्र 'गंगा'च. पुन्हा रेकॉर्ड करावं म्हणलं तर टॅबनं जागा शिल्लक नसल्याचं कळवलं. माझे चौदा उगम आत बसलेले. होता तसा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकून दिला.

संध्याकाळी गाडी काढून निघालो, तर मारुतीच्या पारावर बसलेल्या एका आजोबांनी हात केला. नातवाच्या मोबाईलवर धडा पाहिलेला दिसत होता. मी मनातल्या मनात गंगा-गोदावरीचं उत्तर जुळवत थांबलो.

"सर," आजोबा म्हणाले, "ते तेलाचं भागलं का मग?"