खुलासा: 'महागड्या फोनची किंमत पडत नाही' हे खरं नाही

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतंय : 'आयफोन म्हणजे सोनं, दोन वर्षांनी विका, पैसे वसूल.' आयफोन इतरांपेक्षा सावकाश उतरतो, एवढाच भाग खरा.

टक्क्यांवर जाऊ नका, रुपये मोजा. समजा, १,२०,००० चा फोन निम्म्या किमतीला गेला : तोटा ६०,०००. २०,००० चा फोन ६,००० ला गेला : तोटा १४,०००. सोनं कुठलं?

सप्टेंबरात नवीन आयफोन आला की जुन्याचा भाव उतरतो, म्हणून विकायचाच तर ऑगस्टात. अँड्रॉइडमध्ये घेणारे अपडेट किती वर्षं उरलेत ते बघतात. गॅलेक्सी एस२४ आणि पिक्सेल ८ पासून ७ वर्षांची हमी आहे, जुन्या मॉडेलांना नाही.

दुकानदार पैसे कापतो ते मात्र बहुतेकदा वेगळ्याच कारणांनी. बॅटरी हेल्थ (नव्या बॅटरीच्या तुलनेत उरलेली क्षमता) ८० टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलायचा खर्च वजा. बाहेरून स्वस्तात डिस्प्ले टाकला असेल तर आयफोन ११ पासून पुढे सेटिंग्जमध्ये 'अननोन पार्ट' दिसतं, लपत नाही. शिवाय आपल्याकडे पुराचं पाणी : सिमच्या खाचेतली पांढरी खूण लाल झाली असेल, तर फोन चालू असूनही भाव पडतो.

विकण्याआधी बॅकअप घ्या, 'फाइंड माय' (आयफोनची हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून अॅपल आयडीतून बाहेर पडा, मगच रिसेट. नाहीतर फोन घेणाऱ्याकडे लॉकच राहतो. जुना फोन घेताना *#०६# दाबून आलेला आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तपासा. बिल नसेल तर सौदा सोडा, भाव कितीही गोड असो.