अडतीस हजारांची ‘मदत’ आणि दोन हजारांचे कॉलेज

कॉलेजांची आर्थिक मदतीची पत्रे येऊ लागली की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो. त्याचा मथितार्थ असा: ‘लहान ख्रिस्ती कॉलेजची छापील फी पाहून घाबरू नका. फी चाळीस हजार डॉलर असली तरी अडतीस हजारांची मदत मिळते, म्हणजे वर्षाला दोन हजारांत काम होते. फॅफ्साचा अर्ज भरला की झाले. धर्माचा प्रश्न येत नाही, आणि एकदा मिळालेली मदत चारही वर्षे चालते.’

यातले पहिले वाक्य खरे आहे. खासगी ना-नफा कॉलेजे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना छापील शिकवणी शुल्कावर आज सरासरी निम्म्याहून अधिक सूट देतात. तिला ‘गुणवत्ता शिष्यवृत्ती’ म्हटले, तरी ती बहुधा कोणत्या निधीतून येत नाही. देणग्यांची गंगाजळी तुटपुंजी असलेले कॉलेज आपल्याच शुल्कातला काही भाग घेत नाही, इतकेच. साडीवर आधी किंमत चढवून मग सूट लावण्यासारखाच हा व्यवहार असल्यामुळे, सूट किती मिळाली यापेक्षा भरायचे किती उरले, हे पाहावे लागते.

आणि नेमकी तिथेच संदेशातली वजाबाकी दोन्ही टोकांना चुकते. समजा, शुल्क ४०,००० डॉलर आहे. त्यावर राहणे-जेवण १२,५००, इतर आकार १,२०० आणि पुस्तके, प्रवास, किरकोळ खर्च ३,८०० धरला, तर वर्षाचा एकूण खर्च ५७,५०० होतो. आता पत्रातली ३८,००० ची ‘एकूण मदत’ ओळीओळीने वाचू. कॉलेजची शिष्यवृत्ती २२,००० आणि कॉलेजचेच अनुदान २,५००. परत न करण्याचा पैसा इथेच संपतो. पुढचे ५,५०० हे विद्यार्थ्याच्या नावावरचे केंद्र सरकारचे कर्ज असून, आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी मिळणारी ती कमाल रक्कम आहे. त्याखालचे २,५०० ‘वर्क-स्टडी’चे, म्हणजे ग्रंथालयात किंवा भोजनगृहात तासावारी राबून मिळवायचा पगार, काम मिळाले नाही, तर तेही नाहीत. शेवटचे ५,५०० पालकांच्या नावावरच्या ‘पॅरेंट प्लस’ कर्जाचे आहेत, आणि त्यातून चार टक्क्यांहून अधिक शुल्क आधीच कापून घेतले जाते. सत्तावन्न हजार पाचशेतून फक्त २४,५०० वजा होतात आणि घराला पडणारा निव्वळ खर्च ३३,००० निघतो. कर्जाला ‘मदत’ म्हणण्याची ही पद्धत मला निव्वळ निष्काळजीपणाची वाटत नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये अशी पत्रे तपासली, तेव्हा अंदाजे ९१ टक्के कॉलेजांनी निव्वळ खर्च दिलेला नव्हता किंवा प्रत्यक्षाहून कमी दाखवला होता.

फॅफ्सा हा केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज आहे, आणि ती मदत न स्वीकारणाऱ्या कॉलेजांत त्याच्या जोरावर काही मिळत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या ग्रोव्ह सिटी कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये असा निकाल दिला की, विद्यार्थ्यांना केंद्राचे अनुदान मिळत असेल, तर कॉलेजच्या आर्थिक मदत विभागाला केंद्राचे भेदभावविरोधी नियमही लागू होतात. पुढे कॉलेजने ती मदतच सोडली. मिशिगनमधले हिल्सडेल कॉलेजही केंद्राचा पैसा घेत नाही. दुसरी अडचण आपल्या घरातलीच आहे. ग्रीन कार्ड असलेली मुले केंद्राच्या मदतीला पात्र असतात, मात्र एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या पालकाच्या आधारे मिळणाऱ्या व्हिसावर, वाढलेली मुलगी किंवा पुण्याहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणारा भाचा पात्र नसतो, आणि अशांना कॉलेजच्या स्वतःच्या पैशावरच अवलंबून राहावे लागते.

कमी उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांसाठीचे केंद्राचे पेल अनुदान देताना सरकार धर्म विचारत नाही, एवढ्यापुरते ‘धर्माचा प्रश्न येत नाही’ हे बरोबर. कॉलेजच्या स्वतःच्या पैशाचे तसे नाही. गावातल्या चर्चने विद्यार्थ्याला काही रक्कम दिली, तर कॉलेज तेवढीच भर घालते, अशी योजना अनेक ठिकाणी आहे, आणि तिचा लाभ घरात गणपती बसवणाऱ्याला सहसा मिळणार नाही. युटामधले मॉर्मन चर्चचे ब्रिगहॅम यंग विद्यापीठ लहान नाही, पण तिथे तर मॉर्मन नसलेल्यांचे शुल्कच दुप्पट आहे. उलट, केंटकीतले ख्रिस्ती परंपरेचे बेरिया कॉलेज कोणाकडूनच शिकवणी शुल्क घेत नाही. मात्र प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास कॉलेजात काम करावे लागते, आणि प्रवेश मुख्यतः कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळतो.

राहिला चार वर्षांचा भरवसा. शिष्यवृत्ती बहुधा ठरावीक रकमेची असते आणि शुल्क मात्र दर वर्षी चढते. वरच्या उदाहरणात शुल्क वर्षाला चार टक्क्यांनी वाढले, तर चौथ्या वर्षी ते सुमारे ४५,००० होईल आणि शिष्यवृत्ती २२,००० वरच राहील. त्यातच गुणांची सरासरी अटीखाली घसरली, तर तीही जाते. पालकांनी कर्ज काढून भर घालायची म्हटले, तरी १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या ‘पॅरेंट प्लस’ कर्जाला एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. म्हणून होकार कळवण्याआधी शिष्यवृत्ती शुल्काच्या टक्केवारीत आहे की ठरावीक रकमेत, आणि ती टिकवायला किती सरासरी लागते, हे दोन्ही कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाकडून लेखी मागून घ्यावे.