किल्ली कामगाराच्या खिशात

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्री, म्हणजे धातू ओतकामाचा कारखाना, चालवणाऱ्या माझ्या वर्गमित्राने गेल्या रविवारी आमच्या ग्रुपवर लिहिले, की अमेरिकाच आपले कामगार-सुरक्षा खाते मोडीत काढायला निघाली आहे, मग बेळगावला फॅक्टरी इन्स्पेक्टर हवेत कशाला? बाकीच्यांनी लगोलग माना डोलावल्या. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ॲरिझोनाचे खासदार अँडी बिग्ज यांनी ओशा, म्हणजे तिथले कामगार-सुरक्षा खाते, रद्द करण्याचे विधेयक २०२१ मध्ये मांडले आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडले, पण विधेयक मांडले म्हणजे कायदा झाला असे नव्हे. ओशाचा कायदा १९७० चा, तोही रिपब्लिकन निक्सन यांच्या सहीचा. त्या सुमारास अमेरिकेत, जिथे मी आता राहतो, कामावर रोज ३८ च्या आसपास माणसे मरत. आज कामगार दुपटीहून अधिक झाले असूनही तो आकडा १५ च्या घरात आहे. धोक्याचे पुष्कळ काम इथून उठून आपल्यासारख्यांच्या देशांत गेले, हाही त्याचा एक भाग आहे, आणि म्हणूनच मित्राचा प्रश्न मला अधिक बोचतो.

इन्स्पेक्टरवरचा त्याचा राग खोटा नाही. यंत्रापाशी न जाता ऑफिसात चहा घेऊन पाकिटासह परतणारा साहेब मीही पाहिला आहे. परंतु भारताच्या नव्या कामगार-सुरक्षा संहितेने त्या इन्स्पेक्टरला आधीच 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर', म्हणजे तपासणीबरोबर सल्लाही देणारा, केले आहे, आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली आहे. उद्यमबागेतल्या किती शेडमध्ये २० माणसे असतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

इथे ओहायोत आमच्या फौंड्रीत साच्यांची वाळू कालवणाऱ्या मिक्सरमध्ये उतरण्यापूर्वी प्रत्येक माणूस मेन स्विचला स्वतःचे लाल कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. तो बाहेर येऊन कुलूप काढीपर्यंत प्लांट मॅनेजरलाही ते यंत्र सुरू करता येत नाही. ग्वाटेमालाहून आलेल्या कामगाराला हे सारे स्पॅनिशमध्ये शिकवावे लागते, कारण त्याला समजेल त्या भाषेत शिकवणे मालकावर बंधनकारक आहे. तिकडे बेळगावात पाटी कानडीत, फॉर्म इंग्रजीत, आणि आत उतरणारा माणूस खानापूरकडचा, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. १९५६ पासून आपण सीमाभागात भाषेसाठी लढतो आहोत, पण यंत्रावरची धोक्याची सूचना मराठीत हवी, अशी मागणी कोणत्याही मोर्चात ऐकल्याचे मला आठवत नाही. मीही त्या मोर्चांत होतो.

आणि मी त्या शेडमध्येही होतो. इकडे येण्यापूर्वी तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडच्या एका फौंड्रीत मी शिफ्ट सुपरवायझर होतो. एका रात्री ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू ते मिक्सरच्या पात्यांना चिकटलेली वाळू खरवडायला आत उतरले, आणि पलीकडच्या पोराने नेहमीप्रमाणे बटण दाबले. त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला. मालकाने सांगितले तसे मी रजिस्टरमध्ये 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे' असे लिहिले आणि खाली सही केली. तेव्हा मी दुष्ट नव्हतो आणि आज ओहायोत फार शहाणा झालो आहे असेही नाही. तिथे मला अडवणारे कोणी नव्हते, इथे ते कुलूप मला अडवते, एवढाच फरक आहे.

'तिकडे बसून बोलणे सोपे आहे,' असे मित्र म्हणेल, आणि त्याचे ते म्हणणे मला मान्यच करावे लागेल. बेळगावला आलो, की मी काँग्रेस रोडने तिसऱ्या गेटापर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. मामांचे गाव जांबोटीच्या वाटेवर आहे, अजून एकदाही गेलेलो नाही. मित्राने मला उत्तर द्यावे, अवश्य द्यावे; पण त्याआधी आपल्या शेडमधल्या मिक्सरच्या स्विचला कुलूप लागते का, आणि लागत असेल तर त्याची किल्ली कोणाजवळ असते, हे त्याने मला कळवावे.